रिफ्काचं कफन

जेरुसलेमला जाऊन आलेल्या माणसाला नाईलकाठच्या आमच्या अखमीममध्ये कोणी नुसत्या नावानं हाक मारत नाही. कालपर्यंत जो भाजीवाला गिरगिस होता, तो तिथून परत आला की मुकद्दस गिरगिस होतो. बाई असली तर मुकद्दसा. मग पुढं तो कुजकी भाजी विकू दे नाहीतर मापात मारू दे, किताब काही जात नाही. थडग्यावरही तोच लिहितात. आणि येताना प्रत्येकजण स्वतःचं कफन घेऊन येतो. इथून कोरं कापड न्यायचं, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये येशूचा देह ज्या शिळेवर ठेवला होता म्हणतात, त्या शिळेवर पसरायचं, सुगंधी तेल लावायचं, घडी करून आणायचं आणि पेटीच्या तळाशी ठेवून द्यायचं. एकदा ते पेटीत पडलं की म्हातारी माणसं निवांत होतात. मरणाची तयारी झाली म्हणतात, आणि पुढं कितीतरी वर्षं सुनांना छळत जगतात.

या कफनांपैकी निम्मी तरी वनीसच्या मागावरची. बापाकडून आलेला खड्डामाग होता त्याचा. त्यात पाय सोडून बसला की त्याला जेवणाची शुद्ध नसे. कापड असं एकसारखं विणायचा की दिव्यासमोर धरलं तरी खोट सापडायची नाही. माणूस म्हणून मात्र सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशातला. चर्चमध्ये तो शम्मास होता. म्हणजे उपासनेच्या वेळी पांढरा झगा घालून वेदीजवळ उभं राहायचं आणि स्तोत्रं म्हणायची, हा मान त्याचा. आवाज चांगला होता, आणि चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची बायको रिफ्का मागाच्या डाव्या हाताला जमिनीवर बसून कांड्या भरायची. बोलायची थोडं, ऐकायची फार. जेरुसलेमला निघालेल्या बायका कापड न्यायला यायच्या, आणि आल्यावर गोष्टी सांगायला यायच्या. रिफ्का चाक फिरवत त्यांना खोदून खोदून विचारायची. शिळा हाताला गार लागते का? तेलाचा वास कसला, गुलाबाचा की आणखी कशाचा? दमास्कस दरवाजाशी उतरायच्या पायऱ्या किती उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्या बाईला झेपतील का? न बघितलेल्या त्या गावाच्या गल्ल्या तिला पाठ झाल्या होत्या. कुठं वळलं की चर्चचं अंगण लागतं, कुठल्या गच्चीवरून मशिदीचा सोनेरी घुमट दिसतो, हे ती नव्यानं जाणाऱ्या बायकांना सांगायची. एकदा एका बाईनं तिला विचारलंसुद्धा, ‘मुकद्दसा, तुम्ही कुठल्या साली गेला होतात?’ रिफ्का लाजली आणि कांडीचा धागा तुटला.

दर वर्षी मोठा उपास लागला, मांस-दूध बंद होऊन चुलीचं काम हलकं झालं, की तिला धीर यायचा. दुपारी वनीसला चहा देताना ती हळूच विचारायची, ‘अहो, यंदा?’

‘पुढच्या वर्षी,’ वनीस म्हणायचा.

खोटं बोलत होता असं नाही. आधी लढाईनं रस्ता बंद झाला, मग पोरं लहान होती, मग मुलीचं लग्न निघालं. आणि पुढं खुद्द चर्चनंच मनाई केली. आपले मुसलमान शेजारी जोवर त्या गावात मोकळेपणी पाऊल ठेवत नाहीत तोवर आपणही ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. जो जाईल त्याला कुर्बान बंद, म्हणजे वेदीवरचा पवित्र घास त्याच्या तोंडात पडणार नाही. वनीसला तर हे बरंच झालं. आता ‘पुढच्या वर्षी’ म्हणायला त्याच्यामागं अख्खं चर्च उभं होतं.

पण हुकूम आला म्हणून सगळेच थांबले, असं थोडंच असतं? रिफ्काची थोरली बहीण हिलाना, समोरच्याच घरात राहणारी विधवा, जिभेनं तिखट आणि कोणाच्या बापाला न भिणारी. तिनं एका वर्षी ठरवलंच. जाईन, आल्यावर बिशपच्या पाया पडेन, माफी मागेन, पण जाईन म्हणाली. कैरोच्या एका दलालाकडून तिनं दोघींची जागा पक्की केली, दोघींची, आणि मग वनीसच्या अंगणात येऊन सांगितलं की रिफ्काला घेऊन जाते.

अंगणात तेव्हा चार माणसं बसलेली होती. नसती तर वनीस कदाचित वेगळं बोलला असता. पुढं आयुष्यभर तो स्वतःला हेच सांगत राहिला. त्या दिवशी मात्र त्यानं रिफ्काकडं बघून, स्तोत्र म्हणायच्या खड्या आवाजात विचारलं, ‘तुला किताब हवाय की कुर्बान? दोन्ही मिळायचं नाही. मी वेदीपाशी उभा आणि माझ्या बायकोला रांगेतून मागं फिरवतायत, हे मी बघणार नाही. सांगून ठेवतो.’

बसलेल्यांपैकी एकानं ‘वा’ म्हटलं. रिफ्कानं पदरासारखी डोक्यावरची काळी ओढणी पुढं ओढली. एवढंच म्हणाली, ‘बरं. मग माझं कफन तरी विणून द्या. हिलानाबरोबर पाठवते.’

याला नाही म्हणायला वनीसकडं तोंड नव्हतं. तो मागावर बसला, पण मन ठिकाणावर नव्हतं. बायकोनं चारचौघांत हट्ट धरला, मेव्हणीनं अंगणात येऊन आव्हान दिलं, हेच डोक्यात घुमत होतं. धोटा असा फेकत होता, धागा दाबून बसवायची फणी अशी ठोकत होता की भिंतीवरची तसबीर हलायची. रिफ्का शेजारी बसून कांड्या भरून देत होती. कापड अर्ध्यावर आलं आणि वनीसनं ते ताण्यासकट गुंडाळून ठेवून दुसऱ्याच कुणाच्या चादरीचं काम मध्ये घेतलं. वायदा आहे म्हणाला. वायदा कसला, ती चादर महिनाभर थांबली असती. हिलाना निघाली त्या दिवशी कफन अर्धंच होतं. रिफ्का दारात उभी राहिली, बहिणीची टॅक्सी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग आत येऊन उरलेल्या कांड्या भरायला बसली.

कापड पुरं झाल्यावर तिनं ते स्वतः उतरवलं, हातानं चाचपून बघितलं, घडी करून पेटीत ठेवलं. त्यानंतर तिनं ‘यंदा?’ हा शब्द कधी काढला नाही. भांडली असती तर वनीसला बरं वाटलं असतं. ती भांडलीही नाही. दर मोठ्या उपासाला दुपारचा चहा यायचा, कप खाली ठेवला जायचा, आणि वनीस उगाच वाट बघत राहायचा.

हिलानाचं म्हणाल तर ती आली, काही महिने चर्चमध्ये सगळ्यात मागं उभी राहिली, बिशपपुढं रडली, आणि एका रविवारी पुन्हा रांगेत लागून कुर्बान घेऊन मोकळी झाली. झालं! मुकद्दसा हिलाना ती जन्माची झाली, आणि कुर्बान पण पदरात. वनीस वेदीजवळ उभा राहून हे बघत होता. त्या दिवशी त्याचा सूर चुकला. त्यानं मान वळवून पाहिलं, तर रिफ्का खाली बघत उभी होती.

वर्षं गेली. मनाई कागदावर राहिली, पण म्हातारी माणसं जाऊ लागली आणि कोणी त्यांना बोट दाखवेना. वनीसला वाटायचं, आता ती विचारील. एकदा विचारू दे, लगेच हो म्हणतो. आता सांगा, स्वतःहून म्हणायला काय जीभ झडत होती? पण नाही. आपण एकदा नाही म्हटलंय, तर आधी तिनं तोंड उघडावं. असा हा शहाणा दर वर्षी चहाच्या कपाकडं बघत बसला, आणि तिकडं रिफ्काच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली.

सुरुवातीला डाळीत दोनदा मीठ पडलं. मग लेकीला ती स्वतःच्या आईच्या नावानं हाका मारायला लागली. मग एकदा शेजारच्या गल्लीत सापडली, घर विचारत. डॉक्टरनं नाव सांगितलं त्या दुखण्याचं. वनीसनं ते लक्षात ठेवलं नाही. आणि मग एका दुपारी, उपास लागलेला, रिफ्का चहा घेऊन आली, अर्धा वाटेत सांडलेला, आणि पूर्वीसारखीच हळूच म्हणाली, ‘अहो, यंदा?’

वनीस मागावरून उठला आणि परसात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. परत आला तेव्हा ती प्रश्न विसरून गेली होती.

त्याच आठवड्यात त्यानं जाण्याचं ठरवलं. कैरोतला मुलगा नसीम फोनवर चिडला. म्हणाला, आईला धड न्हाणीघर सापडत नाही आणि तुम्ही तिला परमुलखात कुठं फिरवणार? वनीस म्हणाला, मला फक्त तिला एकदा कळायला हवंय की ती तिथं आहे. एकदा कळलं की बास. हिलानाला बरोबर चला म्हणून विनवायला तो स्वतः समोरच्या घरात गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गेला.

हिलानानं त्याला दारातच उभं ठेवलं. ‘वरातीमागून घोडं आणलंस होय रे वनीस?’ म्हणाली. ‘चणे होते तेव्हा दातांना कुलूप घातलंस. आता दात पडल्यावर चणे घेऊन आलास.’ मग आत जाऊन तिनं स्वतःची पिशवी काढली आणि तिच्यातली धूळ झटकू लागली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात ते तिघं चर्चच्या जथ्याबरोबर विमानानं गेले. दमास्कस दरवाजाशी गाडीतून उतरले तेव्हा वनीसच्या काखेत कफनाचं गाठोडं होतं आणि एका हातात रिफ्काचा हात. वर तटाची जुनी दगडी भिंत. त्यानं तिला ती दाखवली. बघ, म्हणाला, हाच तो दरवाजा, या त्या पायऱ्या, तू सगळ्यांना सांगायचीस त्याच. रिफ्कानं खाली पाहिलं. पायऱ्यांवर खेड्यातल्या बायका द्राक्षाची पानं आणि हिरवे कांदे विकायला बसल्या होत्या. रिफ्का थेट एकीपुढं जाऊन बसली आणि कांद्याची जुडी उलटीपालटी करत भाव पाडायला लागली. असले वाळके कांदे आमच्या अखमीमच्या मंगळवारच्या बाजारात गाढवही खाणार नाही म्हणाली. विकणारी बाई काही कमी नव्हती. मग गाढवाला घेऊन ये, त्यालाच विचारू, म्हणाली. दोघी हसल्या. वनीसला मात्र हसू आलं नाही.

पुढचे दिवस तो तिला गल्लीगल्लीतून नेत राहिला. येशूनं क्रूस वाहून नेला ती वाट दाखवली. एका गच्चीवर चढवून सोनेरी घुमट दाखवला. त्याच वेळी मशिदीतून बांग आणि चर्चमधून घंटा एकदमच सुरू झाल्या, आणि रिफ्कानं कानावर हात ठेवले. तिथल्या आमच्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या, मठात एका म्हाताऱ्या साधूनं तिच्या कपाळाला तेल लावलं. तिनं त्याचा हात चुंबला आणि अदबीनं विचारलं, ‘अबूना, तुम्ही जेरुसलेमला जाऊन आलात का हो? आमचे हे म्हणतात, पुढच्या वर्षी जाऊ.’

साधूनं वनीसकडं पाहिलं. वनीसला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर आल्यावर गल्लीत त्याचा तोल गेला. तो तिला खांद्याला धरून म्हणाला, अगं हेच जेरुसलेम! बघ ना नीट! रिफ्कानं त्याच्याकडं बघून डोळे मिचकावले आणि म्हणाली, चेष्टा करता होय म्हातारीची. त्यावर तो ओरडला, त्याच जुन्या खड्या आवाजात, आणि ती लहान मुलीसारखी भिंतीला चिकटून उभी राहिली. दारात काथ्याच्या पाट्या मांडून बसलेला एक दुकानदार उठला, त्यानं स्टूल आणून तिच्यापुढं ठेवलं, पोराला चहा आणायला पिटाळलं, आणि वनीसला एक अक्षर बोलला नाही. हिलाना बोलली. ‘तिला कळावं म्हणून आणलंस की तुझं देणं फिटावं म्हणून?’ म्हणाली. ‘ओरडून कळायचं असतं तर तेव्हाच कळलं असतं सगळ्यांना.’ वनीस दुकानाच्या पायरीवर टेकला. त्याच्या हातातला चहा गार होऊन गेला.

शुक्रवारी ते मोठ्या चर्चमध्ये गेले. दारातून आत गेलं की समोरच ती शिळा, तांबूस, लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. भोवती बायका गुडघ्यावर बसलेल्या, कुणी रुमाल घासतंय, कुणी मेणबत्त्या, कुणी कपाळ. रेटारेटी चाललेली. हिलानानं दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि वाट केली. वनीसनं गाठोडं सोडलं, कफन उलगडून शिळेवर पसरलं, तेलाची बाटली ओतली, आणि रिफ्काचा हात धरून कापडावर ठेवला. मनगटावरचा निळा गोंदलेला क्रूस आता सुरकुत्यांत वाकडा झाला होता. चोळ, म्हणाला तिला, तेल सगळीकडं लागू दे.

हाताला काम मिळालं तशी ती शांत झाली. कापडावरून तळवा फिरवत राहिली, कडेपासून मध्यापर्यंत, जन्मभर ताग्यावरून फिरवला तसा. आजूबाजूची गर्दी तिला जाणवत नव्हती. मध्यापाशी येऊन हात थांबला. तिनं अंगठ्यानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ओळख होती.

‘इथं फणी रागानं ठोकलीय,’ रिफ्का म्हणाली. ‘पट्टा जाड आलाय बघा.’

वनीसनं बोट लावलं. होता. अख्ख्या अखमीमला एकसारखं कापड देणाऱ्या वनीसनं स्वतःच्या बायकोच्या कफनात हातभर रुंद असा जाड, ताठ पट्टा घातला होता, आणि त्याला तो आजवर दिसला नव्हता. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. कापड मागावरून उतरवताना तिनं चाचपलं होतं तेव्हापासून.

‘मी हिलानाबरोबर जाते म्हटलं ना,’ ती म्हणाली, शेजारणीची गोष्ट सांगावी तशी, ‘तेव्हा रागावला होतात.’

‘चुकलं माझं, रिफ्का.’ पोरं झाल्यापासून त्यानं तिला अशी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. ‘फार चुकलं.’

‘राहू द्या हो,’ तिनं त्याच्या हातावर थोपटलं. ‘एकदोनदा धुतलं की होईल मऊ.’

मागून कुणीतरी ढकललं, दुसऱ्या कुणाचा रुमाल तेलात पडला. वनीस गुडघ्यावर बसून कापड गोळा करायला लागला, पण त्याला घडी घालता येईना. शिळेचं तेल लागलेलं कफन आम्ही धूत नाही. त्याला आता कधीच पाणी लागणार नव्हतं. शेवटी हिलानानं त्याच्या हातातून ते घेतलं, मोठ्यानं नाक ओढलं आणि घडी घातली. उठताना रिफ्कानं इकडंतिकडं पाहिलं, मेणबत्त्यांकडं, वरच्या घुमटाकडं, आणि विचारलं की आपण कुणाच्या लग्नाला आलोय.

अखमीमला परतल्यावर रीतीप्रमाणं गल्ली जमली. बायकांनी जीभ नाचवत आनंदाच्या आरोळ्या दिल्या, उन्हात फुगवलेल्या पावाच्या टोपल्या आल्या, सरबत झालं. प्रत्येकजण मुकद्दस वनीस, मुकद्दसा रिफ्का म्हणून गळ्यात पडायला लागला. रिफ्का दर वेळी मागं वळून बघायची, कोणाला हाक मारतायत म्हणून. मग एका म्हातारीच्या कानाशी लागून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘आम्ही कुठं गेलोय? हे म्हणतात, पुढच्या वर्षी.’ कोणी हसलं, कोणी सरबताचे पेले गोळा करायला लागलं. वनीस टोपलीतले पाव मोजल्यासारखं करत उभा राहिला. त्या दिवसापासून त्याला मुकद्दस म्हटलं की तो ओ देत नाही. नुसतं वनीस म्हणा, म्हणतो. लोकांना वाटतं, विनय. अखमीममध्ये वनीसचा विनय! पण वाटतं खरं.

माग आता बंद आहे. चर्चमध्ये तो मागच्या रांगेत बसतो, रिफ्काजवळ, कारण ती मध्येच उठून चालायला लागते. आणि रोज ऊन कलायला लागलं की तिला आठवतं.

‘अहो, यंदा?’

‘यंदा,’ वनीस म्हणतो.

तिचा विश्वास बसत नाही. ‘खरंच म्हणता?’

‘खरंच. चल, तयारी कर.’

मग ती पेटी उघडते. ओढणी, चपला, कफन, सगळं बाहेर येतं. वनीस समोर बसून एकेक वस्तू तिच्या हातात देतो, ती गाठोडं बांधते. चेहरा असा फुललेला असतो की बघवत नाही. गाठ मारून झाली की तिला एकदम धास्ती वाटते, रोज त्याच जागी.

‘हिलानाला सांगून या आधी,’ ती म्हणते. ‘नाहीतर ती जाईल निघून एकटीच.’

वनीस उठतो, गुडघ्यावर हात ठेवत दारापर्यंत जातो आणि गल्लीपलीकडं हाक देतो, ‘हिलाना, रिफ्का येतेय गं. थांबशील ना?’

समोरच्या खिडकीत हिलाना डाळ निवडत बसलेली असते. एवढी तिखट बाई, पण याबाबतीत तिनं त्याला एकदाही टोमणा मारलेला नाही.

‘थांबलेय म्हणावं,’ ती ओरडून सांगते. ‘तिच्याशिवाय जात नाही मी.’

वनीस आत येऊन तेच सांगतो. रिफ्का गाठोडं मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसते, आणि अंधार पडून ती विसरेपर्यंत तोही तिच्याशेजारी बसून राहतो.